मेंढ्याच्या बायकोचं पुढं काय झालं

आई, तुझी नात पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे दौंडला आली आहे. पाय सुजलेत, जेवण जात नाही, आणि दिवसभर कानात ती पांढरी बोंडं घालून कुणाकुणाची इंग्रजी पुस्तकं ऐकत पडलेली असते. हो, आता पुस्तकं ऐकायलासुद्धा मिळतात. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग आमी काय येगळं करत व्हतो?" आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं कानातली बोंडं काढून उशाशी ठेवली आणि म्हणाली, "आई, आता ती मेंढ्याची गोष्ट पूर्ण कर. तूच म्हणायचीस ना, उरलेली पहिल्या बाळंतपणाला." मी म्हणाले, सांगते, आधी दूध उतू जातंय ते बघते. दूध उतू जात नव्हतं, गॅसच बंद होता. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पन्नाशी उलटलेली, शाळेत पोरींना इंग्रजी शिकवणारी बाई, आणि पोटच्या पोरीपासून तोंड लपवून ओट्यापाशी उभी. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिला टाळत होते. कधी डोकं दुखायचं, कधी पेपर तपासायचे असायचे.

गोष्ट तुझी, ती तुला काय सांगायची; पण अर्ध्यापर्यंत मला नीट येते एवढं तरी तुला दिसू दे. एक धनगर मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठाला येतो. नदी दुथडी भरलेली, पलीकडे चारा आणि अलीकडे नुसता खडक. मेंढरं पाण्यात पाय घालायला तयार नाहीत. तेव्हा कळपातला काळा मेंढा बोलायला लागतो. म्हणतो, मी पुढे होतो, माझ्यामागे सगळी उतरतील, पण पलीकडे गेल्यावर तुझी लेक मला द्यायची. बाप हो म्हणतो. इथे तू न चुकता म्हणायचीस, "बाप कवा न्हाई म्हणतो?" आणि बाहेर ओसरीवर आप्पा खाकरायचे. लेक मेंढ्याच्या घरी नांदायला जाते. दिवस मावळला की मेंढा अंगातली लोकर काढून खुंटीला टांगतो आणि माणूस होतो. उजाडलं की लोकर चढवतो, मेंढा होतो आणि चरायला निघून जातो. बायकोला अट एकच, लोकरीला हात लावायचा नाही. ती पाळते. तिला दिवस जातात. मग एका सकाळी, तो अजून झोपेत असताना, ती उठते, एका हातात लोकर घेते आणि दुसऱ्या हातात मेंढरं कातरायची कातर. इथे तू थांबायचीस. मी विचारायचे, "पुढं?" तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणायचीस, "पुढचं तुझ्या पहिल्या बाळंतपणाला."

तुझ्या आईकडून आणि तिच्या आईकडून चालत आलेली ही आपल्या घरची रीत. लेकीला गोष्ट अर्धीच द्यायची, आणि ती पोटुशी होऊन माहेरी आली की बाळ व्हायच्या आत उरलेली सांगायची. "अर्धी गोष्ट पोटात आसली की पोर माघारी येती," असं तू म्हणायचीस. मला त्याचा भारी राग यायचा. मी चुलीपुढे बसून शेवट ओळखायला बघायचे. ती लोकर जाळते का? तू भाकरी थापत राहायचीस. लपवून ठेवते का? कातरून घोंगडी विणते का? तू पिठाचा हात झटकायचीस आणि म्हणायचीस, "तुला लई घाई. आधी लगीन तर होऊ दे."

आणि हुंकार. आमच्या शाळेतल्या पोरींना आता हे सांगावं लागतं, की गोष्ट सांगणारा एक ओळ सांगतो, ऐकणारा 'हुं' म्हणतो, आणि मगच पुढची ओळ येते. एकदा मी अभ्यासाच्या वहीत डोकं घालून तुला हुं हुं देत होते. तू गोष्ट तशीच पुढे नेलीस. "मग त्यो मेंढा शिरूरच्या ष्ट्यांडवर आला." हुं. "त्यानं पुण्याचं तिकीट काढलं." हुं. "आन् खिडकीपाशी बसून भजी खाल्ली." मी म्हणाले, हुं. तू उठलीस, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीस आणि समोर बसलीस. मारलं नाहीस. म्हणालीस, "गोष्ट सांगणाराला डोळं नसत्यात गं. त्यो तुझ्या हुंकाराचा आवाज धरून चालतो. तू रिकामं हुं दिलंस तर त्यो आडात जाऊन पडंल." मग बरेच दिवस गोष्ट बंद. मी रडले, नाक घासलं, शेवटी घोडनदीच्या नावानं शपथ घेतली की पुन्हा रिकामं हुं देणार नाही. शपथ घेताना खरी होती, एवढं माझ्या बाजूनं म्हणते.

लग्न होऊन दौंडला आले. यांची रेल्वेतली नोकरी, क्वार्टर स्टेशनजवळ, दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या. करायला काम कमी आणि बोलायला माणूस नाही. स्टेशनच्या बाहेर एक रद्दीवाला होता. प्रवाशांनी डब्यात विसरलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्याच्याकडे यायची आणि तो ती भेळवाल्याला फाडून विकायच्या आधी मला दाखवायचा. तिथे मला त्या कादंबऱ्या भेटल्या. जुन्या परीकथा घेऊन त्या नव्यानं सांगणाऱ्या बायका, कुठल्या कुठल्या थंड देशांत बसून लिहिणाऱ्या. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीत त्या मागच्या दारानं शिरतात. चेटकिणीला गुडघेदुखी देतात. राजवाड्यातलं खरकटं कोण काढतं ते विचारतात. एकीच्या कादंबरीत मनोऱ्यात कोंडलेली मुलगी सुटून घरी येते, पण तिला सपाट जमिनीवर झोपच लागत नाही. दुसरीनं तर आख्खी गोष्ट एका बंद दरवाज्याच्या तोंडून सांगितली आहे. मी वेडी झाले होते, आई. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे, वरण करपायचं, हे चिडायचे. माझं इंग्रजी त्या पुस्तकांवर झालं, त्या इंग्रजीवर पुढे नोकरी लागली. त्या बायकांचे मी उपकार मानते, आणि ते काही खोटं नाही.

तुला माझं वेड ठाऊक होतं. तू मार्केट यार्डात कांदा निवडायला जायचीस. एकदा काम सुटल्यावर डेपोशेजारच्या रद्दीच्या दुकानातून तू माझ्यासाठी एक पुस्तक घेतलंस. तुला वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठ बघून घेतलंस. वर एक मुलगी आणि तिच्याशेजारी शिंगांचं एक जनावर, मेंढा म्हणा, हरीण म्हणा. मी बाळंतपणाला आले त्या दिवशी ते माझ्या हातात ठेवलंस. "बघ, आपल्याच गोष्टीवानी दिसतंय." पानांना कांद्याचा वास येत होता. पुस्तक निघालंही तसंच, तसल्याच एका नवऱ्याची जुनी गोष्ट नव्यानं सांगणारं. तुझ्या निवडीचं मला केवढं नवल वाटलं होतं. त्या रात्रीपासूनच मी ते वाचायला घेतलं.

आता ती दुपार. मी माजघरात बाजेवर कुशीवर झोपले आहे, पुस्तक उशीला टेकवून ठेवलंय. तू खाली बसून डिंकाच्या लाडवांसाठी अडकित्त्यानं खारीक फोडते आहेस. आप्पा रानात. तू विचारतेस, "सांगू का गं आता?" मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणते, "दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो." तू म्हणतेस, "तुजा मामा येष्टीत कंडक्टर हाय. त्यो चुकला तरी डायवर हाय की." मी हसते. तू पदरानं हात पुसतेस, घसा साफ करतेस, आणि आता मला आठवतं, तुझा आवाज नेहमीपेक्षा जरा जपून निघत होता. तू सुरुवातीपासून सांगायला लागतेस. नदी, मेंढा, बाप. इथपर्यंतचं मला पाठ, म्हणून मी म्हणते हुं, आणि वाचते. पुस्तकातली मुलगी त्या वेळी मनाई केलेल्या खोलीच्या दारात उभी होती. मला वाटलं, एवढं प्रकरण संपवते, तोवर आईची अर्धी गोष्ट सरेल, मग लक्ष देते. जसं काही पुस्तक पळून जाणार होतं. एक प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं. अडकित्ता कधी वाजत होता, कधी थांबत होता. मी हुं देत होते. एके ठिकाणी तू हसलीस, त्यानं माझी तंद्री मोडली आणि एवढंच कानावर आलं, "तवा तिला हसू आलं." मीही हसले, हसायचं असतं म्हणून. पुन्हा पानात गेले. मग तू म्हणालीस, "झाली गं." मी म्हणाले, हुं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ झालं. घरी आल्यावर तू पायांवर पालथं घालून त्याला न्हाऊ घालत होतीस, मी शेकशेगडीशी बसले होते. माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "कशी वाटली गं?"

"काय?"

"गोष्ट. शेवट."

"छान होता."

तू तांब्यातलं पाणी हातावर बघितलंस, फार कढत नाही ना म्हणून. मग पुन्हा, "कंचं छान वाटलं?"

मी म्हणाले, "सगळंच."

"बरं," तू म्हणालीस, आणि बाळाच्या पाठीवर पाणी सोडलंस. पुन्हा तू तो विषय कधीच काढला नाहीस.

त्यानंतर तू काही वर्षं होतीस. मी दिवाळीला यायचे, उन्हाळ्यात यायचे, तुझ्यापाशी निजायचे. विचारलं असतं तर चार शिव्या देऊन तू पुन्हा सांगितली असतीस. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं की तेव्हा मी ऐकलं नव्हतं, आणि ज्या आईनं मला हुंकार शिकवला तिच्यापुढे हे कबूल करायला माझी जीभ उचलली नाही. पुढच्या खेपेला विचारू म्हणत राहिले. मग तुझा तो ताप आला आणि पुढची खेप राहिलीच नाही. तुझ्या दहाव्याला नदीवर सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि मनात मात्र सारखं येत होतं की गोष्ट गेली, गोष्ट गेली. इतकी मी आप्पलपोटी. आणि तू आणलेल्या त्या पुस्तकाचा शेवट विचारशील, तर तो मला आजही ओळ न ओळ पाठ आहे.

मागच्या हिवाळ्यात शिरूरच्या एका कॉलेजात मला पोरींसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय माझ्या आवडीचा, जुन्या परीकथा नव्यानं सांगणाऱ्या कादंबऱ्या. मी रंगून बोलले. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमची सगळ्यात फेव्हरेट ऑथर कोण?" मी धडाधड नावं घेतली, एकीचं हे चांगलं, दुसरीचं ते. पोरींनी मोबाईलवर टिपून घेतली. दुसरीनं विचारलं, "तुमच्या घरी कुणी गोष्टी सांगायचं का?" आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "हो, आई सांगायची, अशाच काहीतरी लोककथा." अशाच काहीतरी. परत येताना न्हावऱ्याला गाडी थांबली, खाली शेंगा विकणाऱ्या बाईचा आवाज तुझ्यासारखा आला, आणि मला माझं वाक्य पुन्हा ऐकू आलं. दौंड येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तेव्हा पोर गोष्ट मागायला लागली तसं माझ्यापुढे एकच दार उरलं, यवतची मावशी. तुझी धाकटी बहीण, त्याच आईची लेक. तिला शेवट ठाऊक असणारच. इतकी वर्षं तिलाही विचारायची लाज वाटत होती. पण आता पोरीचे दिवस भरत आले होते. गेले. मावशीच्या पोरांचं हायवेवर हॉटेल आहे, चांगलं चालतं, आणि मावशी मागच्या बाजूला पोत्यावर बसून लसूण सोलते. कुणी सांगितलं नाही तरी सोलते. चहा झाला, पोरीची चौकशी झाली, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कंची? मेंढ्याची व्हय?" मावशी म्हणाली. "तिचा शेवट मला कुठं ठावं? मला आईनं सांगितलाच न्हाई. माझं लगीन व्हायच्या आदीच आई गेली."

"पण आईला सांगितला होता ना आजीनं? पहिल्या बाळंतपणाला?"

मावशीनं लसणाची पाकळी सुपात टाकली. "तुझ्या आईला? आगं, तू पोटात व्हतीस तवा आई गेली. तुझ्या आईला पाचवा लागला व्हता. बाळंतपणाला ती आली ती आई नसलेल्या घरात. कोण सांगणार?"

मी म्हणाले, "नाही मावशी, आईनं मला पूर्ण सांगितली होती. शेवटासकट."

"सांगितली आसंल की," मावशी म्हणाली. "तिनं सोताच्या मनानं बनवली व्हती."

बाहेर ट्रक लागत होते, पोरं ऑर्डरी ओरडत होती. मावशी सोलत सोलत सांगत राहिली. "तुझं लगीन झालं तवापासून ती जुळवत व्हती," म्हणाली. "यार्डात कांदा निवडता निवडता मधीच गप व्हायची. कुणी हटकलं तर म्हणायची, आई गोष्ट मोडकी ठिवून गेली, मी पोरीला मोडकी कशी द्यू?" लहानपणी तुम्ही दोघी इनामगावला नदीकाठच्या खोदकामावर पाट्या वाहायला जायचात. तिथले साहेब जुनी फुटकी मडकी जोडायचे आणि जिथला तुकडा सापडत नाही तिथे पांढरा लेप भरायचे, म्हणजे मडकं उभं राहायचं. "तुझी आई म्हणायची, तसाच लेप भराया लागंल, पर माझा मळूनच हुईना. लई दिस झाले. मग एकदा बाजाराच्या दिशी ष्ट्यांडवर गाठ पडली, तर तोंडभर हसत म्हणली, बसला गं शेवट. मी म्हणलं, सांग की मग. म्हणली, न्हाई, आदी पोरीला. तुझी पोर बाळंतपणाला आली की तुला सांगीन, तू तिला सांग. आता मला पोरी कुठं? तिन्ही पोरंच. ऱ्हाऊन गेलं."

मग तिनं हात थांबवला आणि मला विचारलं, "कसा व्हता गं त्यो शेवट?"

आई, मी म्हणाले, "छान होता."

"मला सांग की. मी आता मरायला टेकले."

मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, गाडी चुकेल मावशी, पुढच्या खेपेला नक्की. तिनं लसूण बांधून दिला. हायवे ओलांडून मी स्टॉपवर येऊन उभी राहिले. एक गाडी गेली, दुसरी गेली, मला हात करायचं सुचेना. जन्मभर मी परक्या देशांतल्या बायकांचं कौतुक करत आले, की जुनी मोडकी गोष्ट हातात घेऊन त्यांनी ती आपल्या अकलेनं उभी केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांचं पुस्तक हजारोंनी वाचलं असेल. तुझं एका माणसासाठी केलेलं होतं, आणि ते माणूस हुं म्हणत दुसऱ्याचं वाचत पडलं होतं. आजवर मला वाटायचं की मी आजीची गोष्ट हरवली. ती तर आजीबरोबरच गेली होती. मी हरवली ती तुझी. आणि तू न्हाणीपाशी, तांब्या हातात धरून, दोनदा मला विचारलं होतंस.

घरी येऊन ठरवलं, पोरीला खरं सांगायचं. मला शेवट येत नाही, आजीनं सांगितला तेव्हा मी ऐकला नाही, संपलं. तेही जमलं नाही. ती एवढी वाट बघत होती. मग मी शेवट जुळवायला बसले. एवढी वाचलेली बाई, म्हटलं, चुटकीसरशी होईल. होईना. लोकर जाळायला घेतली तर ती एका पुस्तकातली निघायची, लपवायला घेतली तर दुसऱ्या. नवरा शोधत सात डोंगर पालथे घालणारी तर किती पुस्तकांत होती. माझं म्हणून काही सापडेचना. भांडी घासताना, मुलींचे पेपर तपासताना मी त्या बाईला हातात लोकर आणि कातर घेऊन तशीच उभी बघायचे. माझ्यापाशी तुझं एकच वाक्य होतं, तवा तिला हसू आलं. नवऱ्याची लोकर हातात घेतलेल्या गरोदर बाईला हसू कशाचं येईल? या एका प्रश्नावर मी कित्येक दिवस काढले.

काल दुपारी सांगितली. पोर पलंगावर, मी शेजारी खुर्चीत. बोंडं तिनं डबीत घालून ठेवली. शेवट तू स्वतः जुळवलास, एवढं तिला आधी सांगितलं. मी नदीपासून सुरुवात केली, आणि कातरीपर्यंत आले. मग सांगितलं, की ती कातर खाली ठेवते आणि लोकर स्वतःच्या अंगावर चढवते. लोकर जड असते, गरम असते, तिच्यात काटे रुतलेले, गोचिडी भरलेल्या. तिला वाटतं, हा रोज हे घेऊन हिंडतो होय? तेवढ्यात उजाडतं. नवरा उठतो, खुंटी चाचपतो, लोकर नाही. दारात एक काळी मेंढी उभी, शांतपणे कडबा खाते आहे. आता चरायला कोण जाणार आणि चूल कोण पेटवणार? तो चुलीपुढे बसतो, फुंकतो, धूर डोळ्यांत जातो, राख मिशीला लागते, भाकरी एका बाजूनं जळते आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची. तवा तिला हसू आलं. मेंढीचं हसणं ऐकून तोही हसायला लागला. मग ती लोकर काढते आणि मधोमध ठेवते. म्हणते, एक दिवस तू घाल, एक दिवस मी घालते, आणि दोघांनाही कंटाळा येईल त्या दिवशी अंथरून बाळाला तिच्यावर निजवू.

पोर पोट धरून हसली. म्हणाली, अगं हळू, आतला लाथा मारतोय. मग तिनं डोळे पुसले. "आई," ती म्हणाली, "आजीला हे सगळं तेव्हा कसं सुचलं असेल? न शिकलेली बाई. तू आयुष्यभर वाचतेस त्या सगळ्या लेखिकांपेक्षा ही भारी निघाली." मी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "हे लिहून काढ ना कुठंतरी. आजीच्या नावानं." मी म्हणाले, "बघू." पुढच्या महिन्यात यवतला जाऊन मावशीलाही हीच सांगेन, तुझी म्हणून. तीही विश्वास ठेवेल. तुला लिहिलेले हे कागद मात्र आज चुलीत घालते; म्हणजे गॅसवर धरून जाळावे लागतील. पोरीच्या हाती पडायला नकोत.

पण एक तुला सांगायचं राहिलं. पोर तुझं कौतुक करत होती तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आई. जिभेवर आलं होतं, की हे आजीचं नाही गं, माझं आहे, मी एवढे दिवस खपून जुळवलंय, हसू तेवढं तिचं. मोठ्या कष्टानं गिळलं. तूही त्या दुपारी ती तुझ्या आईची म्हणूनच सांगितलीस, तेव्हा असंच गिळलंस का? माझी लेक तर पोट धरून हसली, आणि तरी मला एवढं लागलं. तुला मी 'सगळंच' म्हणाले होते.